लिंबूवाले : एका सागरी टोपणनांवाची हकीकत

एका देशाच्या लोकांची दुसऱ्या देशाच्या लोकांशीं गांठ पडली म्हणजे ते एकमेकांस नांवें ठेवितात. आणि हा शब्दप्रयोग आपल्या मराठींत आहे त्या दोन्ही अर्थांनीं खरा ठरतो. आपल्या कोंकण किनाऱ्यावर जहाजांतून जे जे लोक उतरले, त्यांस त्यांचें खरें नांव विचारण्याची तसदी आपल्या पूर्वजांनीं क्वचितच घेतली. डोक्यावर पागोट्याऐवजीं टोपी दिसली, म्हणून युरोपियन लोक 'टोपीकर' झाले. हॉलंडच्या लोकांचें पोर्तुगीज भाषेंतील नांव आपल्या तोंडीं घोळून घोळून 'वलंदेज' झालें. 'फिरंगी' हा शब्द तर त्याहून दूरचा प्रवास करून आला. फ्रँक नांवाच्या लोकांवरून अरबांनीं व इराण्यांनीं पश्चिमेकडील सर्वच ख्रिस्ती लोकांस तें नांव दिलें, आणि पुढें आपल्या बंदरांतून तें विशेषेंकरून पोर्तुगीजांस चिकटलें.

ज्या इंग्रजांस आपण टोपीकर म्हटलें, त्यांसहि समुद्रावर असेंच एक नांव मिळालें. अमेरिकन खलाशी त्यांस 'लायमी' म्हणूं लागले. 'लाइम' म्हणजे लिंबू. तेव्हां 'लायमी' म्हणजे लिंबूवाले. आपल्या ख्रिस्ती समाजांत कर्ते पुरुष बोटीवर चाकरीस गेलेलीं घरें थोडीं नाहींत; त्यांपैकीं कित्येकांच्या कानांवर परक्या बंदरांत हा शब्द पडलाहि असेल. शब्द थट्टेचा आहे. परंतु त्याच्या पोटांत हजारों माणसांच्या मरणाची, एका साध्या औषधाच्या शोधाची, आणि हातीं आलेलें तें औषध पुन्हां निसटून गेल्याची हकीकत सांठविलेली आहे. ती येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

या हकीकतीचें मूळ एका व्याधींत आहे. तिला इंग्रजींत 'स्कर्व्ही' म्हणतात. जहाज महिनेच्या महिने किनारा सोडून चालूं लागलें म्हणजे खलाशांचें अन्न काय असे? खारविलेलें मांस, कडक भाजलेलीं बिस्किटें, वाटाणे आणि पिंपांतलें शिळें पाणी. हिरवा पाला व ताजें फळ पहिल्या कांहीं दिवसांतच संपून जाई. दोन-तीन महिने लोटले कीं माणसास कारण नसतां थकवा येई. मग हिरड्या सुजून काळ्या पडत व त्यांतून रक्त वाही; दांत हलूं लागत; पायांवर जांभळे डाग उठत; पुष्कळ वर्षांपूर्वीं भरून आलेल्या जखमा पुन्हां उघडत. अखेर अंथरुणावरून उठण्याच्या खटपटींत एखादा एकाएकीं प्राण सोडी. प्रेत समुद्रांत सोडावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच.

जोंवर जहाजें किनाऱ्याकिनाऱ्यानें जात, तोंवर या व्याधीचा फारसा बोभाटा नव्हता. मोठे महासागर ओलांडण्याचें युग सुरू झालें आणि ती समोर आली. त्या युगाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध सर्वश्रुत आहे. वास्को द गामा इ. स. १४९७ च्या जुलै महिन्यांत लिस्बनहून निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून तो पूर्व किनाऱ्यास लागला, तेव्हां त्याच्या माणसांचे हातपाय सुजले होते व हिरड्या दांतांवर चढल्या होत्या. पुढें १४९८ च्या एप्रिलांत मोंबासा येथें किनाऱ्यावरून नारिंगें आलीं. तीं खाल्ल्यावर आजाऱ्यांस आराम वाटूं लागला. परतीच्या वेळीं ह्याहून कठीण प्रसंग आला. कारवारजवळील अंजदीव बेटावरून ऑक्टोबर १४९८ मध्यें त्यानें शिडें उभारलीं. वारा प्रतिकूल. जो समुद्र येतांना तीन-चार आठवड्यांत ओलांडला होता, तोच ओलांडण्यास आतां जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्यांत तीस माणसें मेलीं. एकेका जहाजावर काम करण्यास सात-आठ माणसें तेवढीं धड उरलीं. मालिंदीस पोंचतांच त्यांनीं प्रथम मागितलें तें सोनें नव्हे, मिरें नव्हे, तर नारिंगें. तथापि पुष्कळांच्या बाबतींत उशीर झाला होता. आणि हातांची इतकी वाण पडली कीं तीन जहाजांपैकीं एक आपल्याच हातांनीं जाळून टाकावें लागलें.

एवढें झाल्यावर आंबट फळांचा गुण पोर्तुगीज खलाशांस कळला नसेल असें म्हणवत नाहीं. अटलांटिक महासागरांतील सेंट हेलेना बेट हें हिंदुस्थानाहून परतणाऱ्या त्यांच्या जहाजांचें विसांव्याचें ठिकाण झालें, व तेथें फळझाडें लावण्यांत आलीं. या बेटाच्या पहिल्या रहिवाशाची कथा आपल्या वाचकांस विशेष वाटेल. फर्नांव लोपिश नांवाचा पोर्तुगीज शिपाई गोव्यांत आपल्या लोकांस सोडून आदिलशाही सैन्यास मिळाला होता. इ. स. १५१२ मध्यें बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हां तो आल्बुकर्कच्या हातीं सांपडला. प्राण घेणार नाहीं असें वचन दिलेलें असल्यामुळें आल्बुकर्कनें त्याचे नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा आंगठा कापून त्यास सोडून दिलें. पुढें मायदेशीं परत जातांना लोकांस तोंड दाखविण्याच्या लाजेनें तो सेंट हेलेना येथें उतरला आणि एकटाच राहिला. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांनीं त्याला बीं-बियाणें व जनावरें दिलीं. त्यानें एका हातानें बाग फुलविली, आणि त्या बागेचीं फळें आजारी खलाशांच्या मुखीं पडलीं. पुष्कळ वर्षांनीं त्यास पोर्तुगालला नेण्यांत आलें. तेथून तो रोमला गेला, पोपसाहेबांकडून पापमुक्ति मिळविली, आणि त्यानें आपलें बेटच पुन्हां मागून घेतलें. तेथेंच सुमारें १५४५ सालीं तो वारला. ज्याला स्वकीयांनीं विद्रूप करून टाकून दिलें, त्याच्याच हातून स्वकीयांचे प्राण वांचावेत, ही ईश्वरी योजना नव्हे तर काय?

इंग्रजांचा अनुभवहि असाच आहे. ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर इ. स. १६०१ मध्यें जेम्स लँकेस्टर याच्या हाताखालीं चार जहाजें घेऊन निघाली. लँकेस्टरनें आपल्या स्वतःच्या 'रेड ड्रॅगन' या जहाजावर लिंबांच्या रसाच्या बाटल्या ठेविल्या होत्या, व आजारी पडूं लागलेल्यांस तो रोज सकाळीं अनशापोटीं तीन चमचे रस देई. आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यास जहाजें लागलीं तोंवर शंभरांहून अधिक माणसें दगावलीं होतीं. आणि इतर तीन जहाजांवरील लोक इतके निःशक्त झाले होते कीं, त्यांचे नांगर टाकण्यास लँकेस्टरच्या माणसांस जावें लागलें. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? वलंदेजांनीं १६५२ मध्यें त्याच दक्षिण टोंकाशीं ठाणें घातलें व तेथें मोठी बाग केली, ती मुख्यत्वें जहाजांस ताजा भाजीपाला मिळावा म्हणूनच.

असें असून पुढील दीडशें वर्षें खलाशी मरतच राहिले. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी ही गत होती. याचें कारण असें कीं, ज्यांनीं गुण पाहिला ते खलाशी व कप्तान होते. आणि ज्यांचें मत चाले ते वैद्य कधीं समुद्रावर गेले नव्हते. कोणी म्हणे ही व्याधि दमट हवेनें होते. कोणी म्हणे मिठानें. कोणी तर खलाशांच्या आळसास दोष देई. शिवाय फळें महाग, नासकीं आणि वागवण्यास कठीण. खारें मांस मात्र वर्षभर टिकतें.

इंग्रजांचे डोळे उघडले ते एका मोठ्या घातानें. स्पेनशीं युद्ध चालूं असतां जॉर्ज ॲन्सन हा १७४० मध्यें सहा लढाऊ जहाजें व सुमारें १९०० माणसें घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. १७४४ मध्यें तो परत आला तेव्हां त्याच्याबरोबर एकच जहाज होतें. स्पेनचें खजिन्याचें जहाज लुटून आणल्यामुळें लंडनमध्यें मोठी मिरवणूक निघाली. पण तेराशेंहून अधिक माणसें वाटेंत मेलीं होतीं, आणि त्यांत शत्रूच्या हातून मेलेलीं बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. बाकीचीं बहुतेक व्याधींनीं, विशेषतः स्कर्व्हीनें गेलीं.

यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १७४७ च्या मे महिन्यांत, जेम्स लिंड नांवाच्या एका स्कॉटिश शस्त्रवैद्यानें 'सॅलिस्बरी' या लढाऊ जहाजावर एक साधा प्रयोग केला. स्कर्व्हीचे बारा रोगी निवडून त्यानें त्यांस एकाच जागीं ठेविलें व एकच अन्न दिलें. मग दोघांदोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळें औषध सुरू केलें. एकीस सफरचंदाचा आंबविलेला रस, दुसरीस पाण्यांत मिसळलेल्या गंधकाम्लाचे थेंब, तिसरीस शिरका, चौथीस समुद्राचें पाणी, पांचवीस रोज दोन नारिंगें व एक मोठें पिवळें लिंबू, सहावीस लसूण, मोहरी वगैरेंची गोळी. फळें सहा दिवसांतच संपलीं. पण तेवढ्यांत फळें खाणाऱ्यांपैकीं एक कामावर रुजू झाला, आणि दुसरा उरलेल्या रोग्यांची शुश्रूषा करण्याइतका बरा झाला. निरनिराळीं औषधें अशा रीतीनें शेजारीं शेजारीं ठेवून पारखण्याची जी पद्धति पुढें वैद्यकांत रूढ झाली, तिच्या आद्य उदाहरणांत या प्रयोगाची गणना होते.

वाचकांस वाटेल कीं आतां तरी प्रश्न मिटला. तसें झालें नाहीं. लिंडचा ग्रंथ १७५३ मध्यें प्रसिद्ध झाला. आरमारानें रस देण्याचा हुकूम काढला तो १७९५ मध्यें. मध्यें बेचाळीस वर्षें गेलीं. यांत दोष केवळ सरकारचा नव्हता. लिंडनेंच रस पुष्कळ दिवस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची युक्ति सुचविली. आणि आटवितांना उष्णतेनें रसांतील खरा गुण नष्ट होई, हें त्यास ठाऊक नव्हतें. कप्तान जेम्स कुक यानें आपल्या सफरींत खलाशांचें आरोग्य उत्तम राखलें. आंबविलेली कोबी खलाशी खाईनात, तेव्हां त्यानें ती अधिकाऱ्यांच्या मेजावर मांडविली, आणि साहेब खातात हें पाहतांच खलाशी ती मागूं लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु कुकनें श्रेय दिलें तें मुख्यतः मोड आणलेल्या जवाच्या काढ्यास. त्या काढ्यांत कांहीं गुण नव्हता, आणि त्यामुळें लिंबू आणखी मागें पडलें.

शेवटीं गिल्बर्ट ब्लेन या वैद्यानें आरमाराच्या वरिष्ठांस पटविलें. १७९४ मध्यें 'सफोक' नांवाचें लढाऊ जहाज इंग्लंडहून निघून कोठेंहि न थांबतां सुमारें तेवीस आठवड्यांनीं मद्रासेस आलें. प्रत्येक खलाशाच्या पाणी घातलेल्या रमच्या पेल्यांत रोज थोडा लिंबाचा रस व साखर मिसळीत. मद्रासेस जहाज लागलें तेव्हां त्यावर स्कर्व्हीचा एकहि कठीण रोगी नव्हता. पुढल्या वर्षीं हुकूम निघाला. त्याचें फळ इंग्लंडांतील हॅस्लर येथील आरमारी इस्पितळाच्या आंकड्यांत दिसतें : १७८० सालीं तेथें स्कर्व्हीचे १४०० हून अधिक रोगी आले होते, १८०६ सालीं एकच आला. १७९५ ते १८१४ या काळांत आरमारानें सुमारें १६ लक्ष गॅलन रस वांटला. फ्रेंचांच्या बंदरांबाहेर इंग्रजी जहाजें महिनोगणती पहारा देऊं शकलीं, त्याचें एक कारण हें होतें.

आतां टोपणनांवाकडे वळूं. आरमारामागून व्यापारी जहाजांवरहि हा रस आला, आणि १८६७ च्या कायद्यानें तो रोज देण्याची सक्ति कडक झाली. त्याच वर्षीं लीथ बंदरांतील लॉकलन रोझ यानें दारू न घालतां रस टिकविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. इंग्रजी जहाजावर ठराविक वेळीं सर्वांस ओळीनें उभें करून औंसभर रस पाजावयाचा, हा नित्यक्रम झाला. बंदरांत शेजारीं लागलेल्या अमेरिकन जहाजांवरील खलाशांस ही मोठी मौज वाटे. धट्टेकट्टे दर्यावर्दी पोरांसारखे रांगेंत उभे राहून आंबट पाणी पितात! ते इंग्रजी जहाजांस 'लाइम-ज्यूसर', म्हणजे लिंबूरसवाले, म्हणूं लागले. ऑस्ट्रेलियांत तर १८५० नंतरच्या वर्षांत विलायतेहून नवीन आलेल्यांस हें नांव पडलेंच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचें 'लायमी' असें लहान रूप झालें. प्रथम तें जहाजाचें नांव होतें. मग खलाशाचें झालें. आणि दोन महायुद्धांत अमेरिकन शिपाई इंग्रजांच्या खांद्यास खांदा लावून लढले, तेव्हां तें साऱ्या राष्ट्राचें झालें.

पण दैवाची थट्टा पाहा. हें नांव ज्या काळीं रुजलें, त्याच काळीं त्या रसांतला गुण ओसरला होता. लिंड व ब्लेन यांनीं वापरलें तें 'लेमन', म्हणजे भूमध्य समुद्राकांठचें जाड सालीचें मोठें पिवळें लिंबू. १८६० नंतरच्या दशकांत आरमारानें त्याऐवजीं वेस्ट इंडीज बेटांतील 'लाइम' घेण्यास प्रारंभ केला. हें फळ म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचें, पूर्वेकडून युरोपांत व तेथून स्पॅनिश लोकांनीं पलीकडे नेलेलें. तीं बेटें इंग्रजांच्या ताब्यांत असल्यामुळें माल घरचा पडे. शिवाय तें अधिक आंबट, आणि आंबटपणांतच गुण आहे अशी समजूत. वस्तुतः गुण आंबटपणांत नव्हता. इंग्रजींत त्या वेळीं दोन्ही फळांच्या रसास सरसकट एकच शब्द वापरीत. म्हणून कागदोपत्रीं कांहींच बदललें नाहीं. आंतला पदार्थ मात्र बदलला; आणि तो सांठविण्याच्या रीतीमुळें आणखी निःसत्त्व झाला. आगबोटी आल्यामुळें प्रवास आंखूड झाले होते. म्हणून हा फरक कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

तो ध्यानांत आला उत्तर ध्रुवाच्या बर्फांत. १८७५ मध्यें जॉर्ज नेअर्स याच्या हाताखालीं 'अलर्ट' व 'डिस्कव्हरी' हीं दोन जहाजें तिकडे गेलीं. लाइमचा रस भरपूर बरोबर होता. तरी १८७६ च्या वसंतांत बर्फावरून गाड्या ओढणाऱ्या तुकड्यांत स्कर्व्ही फैलावली, माणसें मेलीं, आणि सफर आंवरती घेऊन परतावें लागलें. आरमाराच्या वरिष्ठांनीं चौकशी करविली. तुकड्यांनीं रस बरोबर नेला नव्हता, हें उघड झालें. परंतु जहाजावर त्यांस मिळत होता तोच रस दुबळा होता, हें कोणी ओळखलें नाहीं. उलट पुष्कळ विद्वानांचा लिंबावरचा विश्वासच उडाला, आणि डब्यांतलें मांस कुजून त्याच्या विषानें हा रोग होतो असें नवें मत निघालें. गरज सरो, वैद्य मरो! शंभर वर्षांपूर्वीं साध्या खलाशासहि जें ठाऊक होतें, तें आतां मोठमोठ्या वैद्यांस ठाऊक नव्हतें. त्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या माणसांसहि पुन्हां तीच पीडा भोगावी लागली.

गांठ सुटली ती दोन बाजूंनीं. नॉर्वेंत आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिक हे खलाशांच्या एका दुसऱ्याच आजाराचा शोध करीत होते. त्यांनीं १९०७ मध्यें दाखविलें कीं गिनीपिग या लहान जनावरास केवळ धान्यावर ठेविलें तर स्कर्व्ही होते, आणि ताज्या पाल्याफळांनीं ती टळते. पुढें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्यें, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं दोन्ही रस पारखून पाहिले, तेव्हां लाइमचा गुण लेमनच्या सुमारें चौथाईच भरला. त्याच सुमारास अ‍ॅलिस हेंडर्सन स्मिथ या विदुषीनें जुनीं कागदपत्रें चाळून सिद्ध केलें कीं, पूर्वीं ज्यानें प्राण वांचले तो 'लाइम ज्यूस' वास्तविक लेमनचा होता. १९२८ मध्यें हंगेरीच्या सेंट-ग्योर्गी यांनीं जो पदार्थ वेगळा काढला, तोच स्कर्व्हीचा नाश करणारें 'क' जीवनसत्त्व होय, हें १९३२ मध्यें निश्चित झालें. आणि १९३७ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यावरून कोणी आपल्या कागदी लिंबास कमी लेखूं नये. ताज्या लिंबांत तो गुण आहेच. घात झाला तो शिळ्या रसानें, आणि दोन वस्तूंस एकच नांव दिल्यानें.

या हकीकतींतून घेण्यासारखें काय? नांव टिकतें, कारण विसरलें जातें. 'लायमी' हा शब्द दोनशें वर्षांचा अनुभव पोटांत घेऊन जगभर फिरला. पण तो अनुभव काय होता हें नीट लिहून, तपासून पुढच्या पिढीच्या हातीं देण्याचें काम झालें नाहीं, म्हणून माणसें पुन्हां मेलीं. थट्टा करणारे व थट्टा सोसणारे दोघेहि एकच गोष्ट विसरले होते.

आपणांसहि हें लागू आहे. ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांस शेजारीपाजारी 'फिरंगी' म्हणत, जरी त्यांचें रक्त, भाषा व शेत याच मातींतलें होतें. मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळच्या ख्रिस्ती लोकांस सरकारदरबारींहि 'पोर्तुगीज' म्हणत; तेव्हां १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्ण ज्युबिलीच्या वर्षीं, त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव स्वतः निवडून घेतलें, आणि ज्या कंपनीच्या चाकरींत त्यांच्यापैकीं अनेकांचे वाडवडील होते तिची खूण त्यांत ठेविली. लँकेस्टरच्या चार जहाजांबरोबर निघालेलें तें नांव अशा रीतीनें आपल्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत आलें. आज तें नांव सांगणाऱ्या किती मुलांस त्याचें कारण सांगतां येईल?

ज्युबिलीची स्मरणिका काढावयाची ती एवढ्याचसाठीं. आपल्या देवळाचें नांव, वाड्याचें नांव, घराण्याचें नांव आपोआप टिकेल. तें कां पडलें व त्यामागें कोणाचे कष्ट आहेत, हें मात्र कोणीतरी सांगितल्यावांचून टिकणार नाहीं. ज्या घरांत वृद्ध मंडळी अद्याप आहेत, तेथें हें काम उद्यांवर टाकूं नये.